खानावळ, परात आणि पुढचं बाक

मी, श्रीमती कडूबाई गोरक्षनाथ सुरवसे, वय अडुसष्ट, धंदा खानावळ, राहणार सुपा, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर (आधार कार्डावर अजून अहमदनगर आहे, ते बदलायला मी पुन्हा रांगेत उभी राहणार नाही), आज पूर्ण शुद्धीत, कोणी शिकवलं म्हणून नव्हे की कोणी दटावलं म्हणून नव्हे, स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्या अकलेबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारलं आणि शंभरातून सात गेले तर किती उरतात ते विचारलं. सत्तावीस वर्षं खानावळ चालवणाऱ्या बाईला वजाबाकी विचारली. मी उत्तर दिलं आणि त्यांच्या फीची पावती मागितली, ती मात्र त्यांनी दिली नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या नावाचा दुसरा कागद घेऊन कोणी आला तर तो खोटा समजावा.

वकिलांनी मला छापील नमुना दिला आणि बजावलं, "आजी, यात फक्त मिळकत लिहायची. राग लिहायचा नसतो." मी त्यांना विचारलं, मग तो कुठे लिहायचा? त्यांनी नमुना माझ्यापुढे सरकवला. म्हणून कलमं त्यांच्या पद्धतीची आहेत आणि आतला मजकूर माझा आहे. ज्याला वाचायचा कंटाळा येईल त्याने नुसती कलमं वाचावीत.

कलम १. वारस. माझे पती गोरक्षनाथ अकरा वर्षांपूर्वी वारले. मला दोन अपत्यं. मुलगा आदिनाथ, वय एकेचाळीस, त्याची पत्नी आरती, दोघेही माझ्याजवळ राहतात. मुलगी मोनिका, लग्न होऊन पुण्यात, जावई मोठ्या बँकेत साहेब आहेत. याखेरीज माझा कोणी वारस नाही. मी मेल्यावर खर्ड्याहून जे पुतणे-भाचे गाडी करून येतील त्यांना जेवू घालावं आणि परत पाठवावं.

कलम २. मिळकत आणि ती कशी आली. सुपा गावात औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला माझं दुमजली पक्कं घर आहे. पूर्वेला रस्ता, उत्तरेला सार्वजनिक बोळ, दक्षिणेला राधाकृष्ण गवळी यांची मोकळी जागा, पश्चिमेला मोबाईलचं दुकान, जे सध्या बंद आहे. खाली खानावळ आणि तिच्या मागे एक खोली, वर भाड्याच्या दोन खोल्या. ही सगळी मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित म्हणून माझ्याकडे फक्त नाव आलं. माझ्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत म्हणून आईने माझं नाव कडू ठेवलं, आणि मी जगले.

माझे आईवडील खर्ड्याकडचे. दरवर्षी दसऱ्यानंतर देवळाली प्रवरेच्या बाजूला ऊस तोडायला जायचे. मी चौथीपर्यंत खर्ड्याच्या शाळेत होते, पुढचं माझं शिक्षण रद्दीच्या पेपरात चपात्या गुंडाळताना झालं. ऊसतोडीच्या तळावर पहाटे उठून वीस माणसांच्या भाकरी थापायची सवय मला तिथे लागली आणि तीच पुढे पोटाला आली. गोरक्षनाथ सुप्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले तेव्हा त्यांच्याबरोबरची बीडकडची पोरं वडापाव खाऊन दिवस काढायची. मी चार पोरांना घरात जेवायला बसवलं. तिथून खानावळ सुरू झाली. भरात होती तेव्हा माझ्याकडे साठावर मेंबर होते, आणि संध्याकाळी दाराबाहेर चपलांवर पाय न देता कोणाला आत येता येत नव्हतं.

कलम ३. ठेवी. कोणत्याही पतसंस्थेत, सोसायटीत, भिशीत किंवा फंडात माझा एक रुपया नाही. वारसांनी शोधत बसू नये. मुकादमाने दिलेली उचल आणि मुकादमाने सांगितलेला हिशेब यांचा मेळ मी लहानपणी कधी बसलेला पाहिला नाही, तेव्हापासून माझी कमाई दुसऱ्याच्या कुलपात ठेवायची नाही हे मी ठरवलं. जे उरलं त्याचं सोनं केलं, नाहीतर घराला वीट लावली.

म्हणून आमच्या गावातली पतसंस्था बुडाली (तिचं नाव मी इथे लिहीत नाही, कागद चांगला आहे) तेव्हा पहिल्या दिवशी मी खुशीत होते, हे खोटं कशाला बोलू. जावयांनी पुण्याहून फोन केला. "आई, तुमचं काही अडकलंय का?" मी म्हटलं, एक पैसा नाही. ते म्हणाले, "मग तुम्ही सुरक्षित आहात." तो शब्द मी अजून विसरलेले नाही आणि जावयांनीही विसरू नये, म्हणून इथे लिहून ठेवला आहे.

त्याच रविवारी शाळेच्या मैदानावर ठेवीदारांची सभा झाली. जिल्ह्याहून एक साहेब आले होते. त्यांनी माईकवर सांगितलं की हा विषय संस्था आणि तिचे ठेवीदार यांच्यापुरताच मर्यादित आहे, बाकीच्या बाजारपेठेवर याचा काही परिणाम होणार नाही, अफवा पसरवू नयेत. मी मागे उभी राहून ऐकलं आणि घरी आले. घरी त्या संध्याकाळची अर्धी परात मळलेली कणीक तशीच उरली होती, कारण अर्धे मेंबर जेवायला आलेच नव्हते.

आता हे कसं झालं ते मी साहेबांना सांगते, त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. माझ्या दक्षिणेचे राधाकृष्ण गवळी वसाहतीत छोटं वर्कशॉप चालवतात, कारखान्याला लागणारे सुटे भाग लेथवर बनवून देतात. ते काही ठेवीदार नव्हते, पण माल घ्यायला लागणारं खेळतं भांडवल त्यांना पतसंस्थेकडून मिळायचं. पतसंस्थेचं शटर सोमवारी पडलं आणि शनिवारी पगार होता. पगार झाला नाही, म्हणून रविवारी अर्धी पोरं जेवायला आली नाहीत. पुढच्या महिन्यात लोखंड आलं नाही. माल वेळेवर गेला नाही म्हणून कारखान्याने ते काम चाकणकडे दिलं. राधाकृष्णांकडे नऊ पोरं होती, नऊच्या नऊ माझे मेंबर. असे वर्कशॉपवाले गावात एकटे राधाकृष्ण नव्हते. पोरं गावाकडे गेली तशी माझ्या वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या, पश्चिमेचं मोबाईलचं दुकान बंद झालं, टेम्पोवाल्याचा टेम्पो फायनान्सवाले ओढून घेऊन गेले, आणि न्हाव्याकडे महिन्यातून दोनदा केस कापणारी पोरं एकदा कापायला लागली. किराणावाल्याने पाटी लावली की उधारी बंद, कारण त्यालाही घाऊकवाल्याने तेच सांगितलं होतं. यातल्या कोणी काय पाप केलं होतं? मी भाजीत तेल कमी केलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा एका पोराने ताटात पाहून मला विचारलं, "मावशी, आज भाजी अशी का?"

ज्या संस्थेत माझा एक रुपया नव्हता तिने माझी खानावळ बसवली. याला परिणाम म्हणत नसतील तर काय म्हणतात ते साहेबांनी कळवावं. पत्ता वर दिला आहे.

कलम ४. सोनं. माझ्याकडे चार पाटल्या, एक बोरमाळ आणि मंगळसूत्र होतं. चारही पाटल्या मोडल्या आहेत. बोरमाळ आणि मंगळसूत्र मोनिकाला द्यावं.

मोनिकाला पाटल्यांचं दुःख आहे. ती मला फोनवर म्हणाली की माझ्या पाटल्या बीडच्या पोरांनी खाल्ल्या. तिचं म्हणणं खरं आहे, पण ते कसं घडलं हे तिला नीट ठाऊक नाही, म्हणून सांगते.

आदिनाथ त्या पतसंस्थेचा एजंट होता. रोजची बचत, जिला सगळे पिग्मी म्हणतात, ती तो गोळा करायचा. सकाळी बाजारपेठेत फिरायचा आणि संध्याकाळी मशिन घेऊन आमच्याच दारात उभा राहायचा, कारण सगळी पोरं सात वाजता तिथे येतातच. जेवायला आत जाताना पोरं त्याच्या हातात नोट द्यायची, मशिनमधून चिठ्ठी निघायची. कधी आदिनाथ नसला तर पोरं पैसे आरतीकडे द्यायची आणि म्हणायची, "वहिनी, पिग्मीत टाका." त्यांच्या लेखी खानावळ आणि पतसंस्था एकाच दारातून आत जायच्या. आदिनाथने त्यातला पैसाही इकडचा तिकडे केला नाही. त्याची स्वतःची बचतही तिथेच गेली. याची चौकशी झाली आहे आणि बुडालेल्या संस्थेवर सरकारने नेमलेल्या प्रशासकांनी तसं लिहून दिलं आहे. तो कागद कपाटात नाही, आदिनाथच्या उशाखाली आहे, आणि मिळाल्या दिवसापासून तिथेच आहे.

शटर पडल्यावर महिना झाला असेल. राधाकृष्णांकडचा लेथवरचा पोरगा, ओम, ताटावर बसला आणि खाली बघून म्हणाला, "मावशी, दादाकडं माजे पैसे गेलेत. ह्या म्हैन्याचं जेवन त्येच्यात धरा." तो उद्धट नव्हता, तोंड लहान करून बोलला. पतसंस्था वेगळी आणि माझी खानावळ वेगळी हे मी त्याला समजावून सांगायला पाहिजे होतं. जावई असते तर त्यांनी सांगितलं असतं. मी त्याला म्हटलं, जेव. दुसऱ्या दिवशी सगळेच तसं म्हणाले. ज्यांची पिग्मी होती तेही म्हणाले आणि ज्यांची नव्हती असेही दोघे-तिघे म्हणाले. मी काही लिहून ठेवलं नाही, कोणाला पावती विचारली नाही, जो जेवढं सांगेल तेवढं धरलं. दोन पाटल्या पावसाळ्यात गेल्या आणि दोन दिवाळीत. काम सुटलेली पोरं वसाहतीत दुसरीकडे काम शोधत होती आणि तोवर माझ्याकडे जेवत होती. काही पोरांना काम मिळालं, ती पैसे देऊन जेवायला लागली. काही तशीच निघून गेली.

म्हणजे मोनिका, मी कधीही न ठेवलेल्या ठेवी मी भाकरीत परत केल्या. तुला राग येणं बरोबर आहे. मला अजून येतो. जावई याला बँकेच्या भाषेत काय म्हणतात ते मला सांगू नकोस.

कलम ५. वरच्या दोन खोल्या. या मोनिकाच्या. भाडं तिने घ्यावं. सध्या एका खोलीत दोन पोरं राहतात, दुसरी रिकामी आहे. पोरांना वाऱ्यावर सोडू नये आणि भाडं एकदम वाढवू नये. पुण्याचे दर इथे लावू नयेत.

कलम ६. खानावळ. खालची जागा, शेगड्या, तवे, मिक्सर, ताटं, बाकं, पाण्याची टाकी आणि मोठी पितळी परात, हे सगळं माझी सून सौ. आरती आदिनाथ सुरवसे हिला, एकटीला, तिच्या नावावर. आदिनाथला यात हिस्सा नाही. वकिलांनी मला तीनदा विचारलं की मुलाला वगळताय का. होय, वगळते आहे, आणि कारण सांगते. पतसंस्था बुडाल्यावर लोक त्या दारात येऊन उभे राहिले तेव्हा दारात आरती उभी राहिली. शिव्या तिने ऐकल्या आणि वर जेवायलाही तिनेच वाढलं. ती मला एकदाच म्हणाली, "आत्याबाई, मला ह्या लोकांचा राग न्हाई येत. आत बसलेल्यांचा येतो." ज्याने दार सांभाळलं त्याच्या नावावर दार असावं. मोठी परात मात्र आरतीने कोणालाही लग्नाकार्याला उसनी देऊ नये, मागच्या वेळी तिचा काठ दबून आली आणि कोणी कबूल झालं नाही.

कलम ७. वजावट. पतसंस्थेच्या नावाने खानावळीत जेवण्याची सवलत माझ्याबरोबर संपली. आरतीकडे त्या नावाने कोणी एक भाकरीही मागू नये. मी दिलं ते कर्ज म्हणून नाही, त्यामुळे ते वारसांना लागू होत नाही. वकिलांनी या वाक्याला मान डोलावली, या कागदातलं तेवढं एकच वाक्य त्यांना आवडलं.

कलम ८. दशक्रिया. माझी दशक्रिया साधी करावी. पतसंस्थेचे चेअरमन काकासाहेब गावातल्या प्रत्येक दशक्रियेला येतात आणि श्रद्धांजलीचं भाषण करतात. पतसंस्था बुडाल्यावर सहा महिने ते दिसले नाहीत, नंतर पुन्हा यायला लागले आणि लोक पुन्हा त्यांना पुढची खुर्ची द्यायला लागले. त्यांना आमच्या घरच्यांनी माईक देऊ नये. हे कारणाशिवाय नाही. संस्था प्रशासकांकडे गेल्यावर एक सोय निघाली की कर्जदाराने ठेवीदाराची पावती आणून दिली तर तेवढं त्याचं कर्ज वळतं होतं. काकासाहेबांच्या भावाचं कर्ज सगळ्यात मोठं होतं. त्यांची माणसं घरोघर फिरली आणि ज्यांना नड होती त्यांच्याकडून शंभराची पावती तीसला घेतली. भाजीवाल्या लंकाबाईंच्या नवऱ्याचा पाय तेव्हा मोडला होता. त्यांनी पावती विकली. ज्यांनी बुडवलं ते रुपयामागे तीस पैशात मोकळे झाले आणि आता इतरांच्या मरणावर बोलतात. माझ्यावर त्यांनी बोलू नये. फ्लेक्सही लावू नये, नाहीतर त्यावर त्यांचा फोटो माझ्यापेक्षा मोठा असेल.

कलम ९. आदिनाथ. या कलमासाठी मी हा सगळा कागद केला आहे.

ज्या दिवशी शटर पडलं त्याच्या पुढच्या आठवडे बाजारात आदिनाथ भाजी आणायला गेला होता. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही असा माझा मुलगा. लंकाबाईंनी त्याला सगळ्यांसमोर थांबवलं. त्यांनी शिवी दिली नाही. त्या म्हणाल्या, "तुला कोन वळखतं रं? तुज्या आईच्या तोंडाकडं बघून दिल्ते मी." आदिनाथ भाजी न घेता घरी आला. माझ्यापाशी बसून त्याने मला ते शब्द जसेच्या तसे सांगितले आणि मागच्या खोलीत गेला. तेव्हापासून तो मागच्या खोलीतच आहे. कांदा चिरतो, कणीक मळतो, सिलेंडर बदलतो, हिशेब करतो, पण मधला पडदा ओलांडून पुढे येत नाही. सगळे जेवून गेले की सिलेंडरच्या बाजूला पाटावर बसून जेवतो. दिवसा घराबाहेर पडत नाही. माझ्यावर आणि आरतीवर चिडतही नाही, चिडला असता तर बरं वाटलं असतं.

मला लंकाबाईंचा राग आला होता. दोन वर्षं त्यांनी माझ्याकडे भाजी दिली नाही आणि मी मागितली नाही. इतर सगळे माझ्याकडे जेवून गेले, त्या एकदाही आल्या नाहीत. पण त्या खोटं बोलल्या नव्हत्या. पतसंस्थेत माझा रुपया नव्हता, माझं नाव होतं, आणि ते मी कधी ठेवलं नव्हतं, मला न विचारता पोरांनी आणि भाजीवाल्यांनी ते तिथे ठेवलं होतं. मी म्हातारी झाले. माझ्या नावाचं जे व्हायचं ते झालं. पण माझा मुलगा जिवंतपणी पडद्याआड राहिलेला मला बघवत नाही, आणि मी गेल्यावर तर त्याला बाहेर काढणारं कोणी उरणार नाही. आरती काढणार नाही, ती थकली आहे.

म्हणून आदिनाथला घर नाही, खानावळ नाही, सोनं नाही. त्याला माझ्या पश्चात या खानावळीत हयातभर दोन वेळचं जेवण आहे, त्याबद्दल आरतीने एक पैसा घेऊ नये. अट एकच. संध्याकाळचं जेवण त्याने सात वाजता, मेंबर जेवत असताना, दाराजवळच्या पुढच्या बाकावर, रस्त्याकडे तोंड करून जेवायचं. मागच्या खोलीत त्याला ताट देऊ नये. ही अट आरतीवर बंधनकारक आहे.

हे कलम लिहून झालं तेव्हा आदिनाथ मागून येऊन वाचत होता. म्हणाला, "आई, हे काढून टाक. घर दे, नको देऊ, पण हे काढ." मी म्हटलं, कागद माझा आहे. तो म्हणाला, "लोक काय म्हणतील?" मी त्याला विचारलं की दोन वर्षांत लोकांनी जे म्हटलं त्याहून वाईट काही उरलं आहे का. तो पडद्यामागे गेला. कलम काढलेलं नाही.

कलम १०. साक्षीदार. एक साक्षीदार राधाकृष्ण गवळी. एक लेथ विकून दुसरं लेथ त्यांनी पुन्हा चालू केलं आहे. वकील म्हणतात साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, म्हणून राधाकृष्ण, तुम्हाला काही नाही.

दुसऱ्या साक्षीदार लंकाबाई असाव्यात असं मी ठरवलं. माझ्या आयुष्यात त्यांच्याइतकं खरं मला कोणी तोंडावर सांगितलं नाही, आणि साक्षीदार तसाच लागतो. मी स्वतः त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला नाही. माझं ऐकून घेऊन म्हणाल्या, "अंगटा देते. पर हितं न्हाई. बाजारात. आन कागुद त्यानं आनायचा, तू न्हाई." मी घरी येऊन आदिनाथला निरोप सांगितला आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. दोन दिवस कागद तिथेच पडून होता. तिसऱ्या दिवशी बाजार होता. मला वाटलं हे मृत्युपत्र बिनसाक्षीचंच राहणार.

याच्या पुढचा मजकूर बाजारतळावर, लंकाबाईंच्या वजनकाट्याशेजारी बसून लिहिला आहे. अक्षर वाकडं आलं आहे, पण ते माझंच आहे.

आदिनाथने सकाळी दाढी केली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून हातात घेतला आणि पुढच्या दाराने निघाला. मी आणि राधाकृष्ण त्याच्या मागे. भर बाजारात कोणीतरी "पिग्मीवाला आला रं" असं म्हणालं. आदिनाथ थांबला, मला वाटलं हा आता मागे फिरतो. तो फिरला नाही. लंकाबाईंच्या पालापाशी जाऊन त्याने कागद पुढे केला. लंकाबाई म्हणाल्या, "मला वाचता येत न्हाई. तुज्यापुरतं वाच. मोट्यानं."

त्याने नववं कलम वाचलं. आठवडे बाजारात उभं राहून, लोक वांगी निवडायचे थांबले होते तेव्हा, माझ्या मुलाने त्याच्या पडद्यामागच्या पाटाबद्दल आणि उशाखालच्या कागदाबद्दल आणि लंकाबाईंच्या स्वतःच्या शब्दांबद्दल शेवटपर्यंत वाचलं. उशाचं चौथ्या कलमात आहे, ते त्याने आपणहून वाचलं. मध्ये एकदा त्याने पाणी मागितलं. राधाकृष्णांनी पाणी दिलं. मी रडले, हे लिहायला हरकत नाही.

वाचून झाल्यावर लंकाबाईंनी शाईचा अंगठा वर धरला आणि म्हणाल्या, "अंगटा देते. माफी न्हाई देत." आदिनाथ म्हणाला, "मागितली न्हाई, काकू." त्यांनी अंगठा दिला. मग कागदाकडे बोट करून मला विचारलं, "ह्ये समदं तू मेल्यावर व्हय?"

मी म्हटलं, मृत्युपत्र आहे लंकाबाई, ते मेल्यावरच असतं.

"मंग मी काय तू मरस्तवर थांबायची? आज साताला येते मी. ह्याच्यासमोर बसून जेवनार, आन पैसे देऊन जेवनार."

आदिनाथने लंकाबाईंना अंगठ्याची शाई पुसायला फडकं दिलं. मग त्याने विचारलं, "काकू, तिखट चालतं का तुमाला?"

सबब मी, कडूबाई, माझ्या राजीखुशीने या कागदात एक दुरुस्ती करते. कलम ९ मधले "माझ्या पश्चात" हे दोन शब्द खोडले आहेत आणि त्या जागी "आजपासून" असं लिहिलं आहे. या खोडाखोडीवर माझी सही, राधाकृष्णांची सही आणि लंकाबाईंचा अंगठा घेतला आहे. बाकीच्या कलमांना घाई नाही.

लिहून ठेवणार: कडूबाई गोरक्षनाथ सुरवसे (सही)

साक्षीदार: १. राधाकृष्ण गवळी, रा. सुपा (सही)
२. लंकाबाई, भाजीवाल्या, रा. सुपा (डाव्या हाताचा अंगठा)

अंगठ्याची ओळख पटवणार: आदिनाथ गोरक्षनाथ सुरवसे (सही)

ठिकाण: बाजारतळ, सुपा
दिनांक: ११ डिसेंबर २०२५, दुपार, जेवणाच्या आधी